अँटेनावर खापर फोडण्यापूर्वी

अमेरिकेत येऊन स्थिरावलेल्या आपल्या बहुसंख्य कुटुंबांना एक साधी गोष्ट ठाऊक नसते. येथील प्रमुख दूरचित्रवाणी वाहिन्या आजही हवेतून, विनामूल्य, चोवीस तास प्रक्षेपित होतात. त्यांसाठी केबलचे मासिक शुल्क भरावे लागत नाही, इंटरनेट लागत नाही, कोठे नावही नोंदवावे लागत नाही. भारतात दूरदर्शनने आपली बहुतेक भूप्रक्षेपण केंद्रे अलीकडच्या वर्षांत बंद केली. तिकडे छपरावरचा अँटेना ही आठवणीतली वस्तू झाली आणि तिची जागा डिशने घेतली. साहजिकच, अमेरिकेतही ती सोय कधीचीच संपली असेल असे आपण धरून चालतो. नवे घर घेतले की केबलचा करार होतो, दरमहा पैसे जातात आणि छपराकडे पाहण्याचा प्रसंग येत नाही.

आमच्या घरी हा विषय निघाला तो २०२१ च्या सप्टेंबरमध्ये. आम्ही न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो. १ सप्टेंबरच्या रात्री आयडा चक्रीवादळाचे अवशेष या राज्यावर कोसळले. न्यू जर्सीत सुमारे ३० माणसे दगावली आणि त्यांतील अनेकजण आपल्याच मोटारींत पाण्याने वेढले गेले होते. आमच्या घरचे इंटरनेट गेले, त्यासरशी टीव्हीही गेला. मोबाइलवर पुराचा इशारा कर्कशपणे वाजला, परंतु कोणता रस्ता पाण्याखाली आहे, वादळ कोठवर आले आहे, हे सांगणारे घरात काही उरले नाही. आई आमच्याकडेच राहते. तिने अंधारात विचारले, "गावाला लाइन गेली तरी बॅटरीवर टीव्ही लागत होता. इथं काऊन लागत नाही?"

प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर शोधताना आम्हांला जे कळले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. व्यवसायाने आम्ही संगणक-प्रणाली लिहिणारे. त्या कामात एक शिस्त अंगी बाणते : दोष दिसला की अंदाजाने पाच गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, परिणाम पाहायचा, लिहून ठेवायचा. टीव्हीच्या सिग्नललाही हीच शिस्त लागू पडते.

सर्वप्रथम, जुन्या आणि नव्या प्रक्षेपणातील फरक समजून घ्यावा लागतो. आपल्या लहानपणी सिग्नल दुबळा झाला की पडद्यावर मुंग्या येत, चित्राशेजारी त्याची सावली उमटे, आवाजात खरखर मिसळे. तरीही चित्र दिसत राही. अँटेना हळूहळू फिरवला की मुंग्या कमी-जास्त होत आणि खालून येणाऱ्या "आलं, आलं... गेलं!" या आरोळ्यांवरून छपरावरच्या माणसाला दिशा कळे. डिजिटल प्रक्षेपणाने ही वाटाडी खूण काढून घेतली. अमेरिकेतील पूर्ण क्षमतेच्या केंद्रांनी १२ जून २००९ रोजी जुने अॅनालॉग प्रक्षेपण थांबवले. आता ६ मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यातून दर सेकंदाला सुमारे १९ मेगाबिट माहिती येते. सिग्नल गोंगाटापेक्षा सुमारे १५ डेसिबलने वरचढ आहे तोवर चित्र निर्दोष असते. तो त्याखाली घसरला की पडद्यावर चौकोन फुटतात, आवाज तुटतो आणि क्षणात सारे काळे होते. मधली अवस्था जवळजवळ नसतेच. म्हणून "काहीच दिसत नाही" याचा अर्थ "सिग्नलच नाही" असा होत नाही. कित्येकदा तो उंबरठ्याच्या एक पायरी खाली येऊन थांबलेला असतो, आणि त्याला ती एक पायरी चढवणे एवढेच काम उरलेले असते. बहुतेक टीव्हींच्या सेटिंगमध्ये सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता दाखवणारा पडदा असतो. हल्ली मुंग्यांचे काम तो करतो. त्यातही ताकदीपेक्षा गुणवत्तेच्या आकड्याकडे लक्ष द्यावे.

दुसरी गोष्ट दिशेची. संघीय दळणवळण आयोगाच्या, म्हणजे एफसीसीच्या, संकेतस्थळावर आपला पत्ता घातला की जवळची केंद्रे, त्यांचे अंतर आणि दिशा दिसते. रॅबिटइअर्स हे संकेतस्थळ त्याहून तपशीलवार माहिती देते. एडिसनची जागा मोठी मौजेची आहे. मॅनहॅटनचे दक्षिण टोक येथून सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटरवर, ईशान्येला. फिलाडेल्फियाचे मनोरे सुमारे ९० किलोमीटरवर, नेमके उलट दिशेला, नैर्ऋत्येला. एका दिशेला रोखलेला अँटेना दुसऱ्या शहराला पाठ दाखवतो. आम्ही न्यूयॉर्क निवडले. होकायंत्राने दिशा ठरवताना एक दक्षता घ्यावी लागते : आमच्या भागात सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे १२ अंश पश्चिमेला झुकते. नकाशावर ५७ अंश असेल तर होकायंत्रावर ६९ अंश धरावे लागतात.

न्यूयॉर्कच्या वाहिन्या मुख्यतः एम्पायर स्टेट इमारतीवरून आणि वन वर्ल्ड ट्रेड सेंटरवरून येतात. यामागे एक दुःखद इतिहास आहे. ११ सप्टेंबर २००१ पूर्वी शहरातील बहुतेक वाहिन्यांचे प्रक्षेपक जुन्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यावर होते. मनोरा कोसळला तेव्हा तेथे कामावर असलेले ६ प्रक्षेपण अभियंते मृत्युमुखी पडले. ज्यांच्या घरी केबल होती त्यांना चित्र दिसत राहिले. ज्यांच्या घरी फक्त अँटेना होता त्यांच्या बहुतेक वाहिन्या त्या सकाळी नाहीशा झाल्या. एम्पायर स्टेटवर आपला राखीव प्रक्षेपक ठेवणारी डब्ल्यूसीबीएस ही वाहिनी तेवढी त्यांच्यापर्यंत पोहोचत राहिली. शहरातल्या कोणत्या माणसांचे घर हवेवर अवलंबून आहे, हे अशा दिवशीच उघड होते.

तिसरी गोष्ट सर्वांत अधिक फसवी आहे. पडद्यावर दिसणारा वाहिनीचा क्रमांक आणि ती प्रत्यक्ष ज्या पट्ट्यातून येते तो क्रमांक, हे दोन्ही एकच असतील असे नाही. लोकांच्या सवयीचा जुना क्रमांक केवळ पाटी म्हणून ठेवलेला असतो. आमच्याकडे २ क्रमांकाची डब्ल्यूसीबीएस प्रत्यक्षात ३६ व्या पट्ट्यातून येते. १३ क्रमांकाची डब्ल्यूनेट १२ व्या पट्ट्यातून येते. ७ क्रमांकाची डब्ल्यूएबीसी आणि ११ क्रमांकाची डब्ल्यूपिक्स मात्र खरोखरच ७ व्या आणि ११ व्या पट्ट्यांतून येतात. हा तपशील निरुपयोगी वाटेल, पण अँटेनाची निवड त्यावरच ठरते. ७ ते १३ हा वरचा व्हीएचएफ पट्टा आहे आणि त्याची तरंगलांबी दीड मीटरच्या आसपास असते. १४ ते ३६ हा यूएचएफ पट्टा. ३६ व्या क्रमांकाची तरंगलांबी जेमतेम अर्धा मीटर. लहान लहरीसाठी लहान दांडी पुरते, मोठ्या लहरीसाठी लांब दांडी लागते. दुकानात मिळणारा, कागदासारखा पातळ, खिडकीला चिकटवण्याचा अँटेना यूएचएफ बरा पकडतो, परंतु व्हीएचएफपुढे त्याचे बळ अपुरे पडते. "बाकी सर्व लागते, फक्त ७ आणि ११ लागत नाही," अशी आपल्या मित्रमंडळींची नेहमीची तक्रार असते. तिचे कारण हेच. त्यांच्या अँटेनात बिघाड नसतो. तो त्या लहरीसाठी बनवलेलाच नसतो.

याच पट्ट्यांच्या बाबतीत आणखी एक घडामोड झाली. २०१७ मध्ये पूर्ण झालेल्या लिलावात ३६ च्या वरचे पट्टे मोबाइल कंपन्यांकडे गेले आणि जुलै २०२० पर्यंत शेकडो केंद्रांना नव्या पट्ट्यांत हलवण्यात आले. पाटीवरचा क्रमांक तोच राहिला, आतली जागा बदलली. ज्यांनी टीव्हीवर वाहिन्यांचा शोध पुन्हा घेतला नाही, त्यांच्या वाहिन्या एकाएकी "गेल्या". वस्तुतः त्या शेजारच्या घरात राहावयास गेल्या होत्या.

आम्ही व्हीएचएफ आणि यूएचएफ असे दोन्ही पट्टे घेणारा, दांड्यांचा अँटेना आणला. त्याची किंमत आमच्या केबलच्या एका महिन्याच्या बिलाएवढी होती. तो प्रथम खिडकीत, मग पोटमाळ्यावर आणि शेवटी छपरावर ठेवून प्रत्येक ठिकाणचे गुणवत्तेचे आकडे वहीत उतरवले. नव्या खिडक्यांच्या काचांवर उष्णता अडवण्यासाठी धातूचा अतिसूक्ष्म थर असतो आणि तो सिग्नलही अडवतो. भिंतीतील चकाकत्या कागदाचे अस्तर व बाहेरचे अॅल्युमिनियमचे आच्छादन हेही तसेच. पोटमाळ्यावर आकडे सुधारले. छपरावर सर्वांत चांगले आले. छपरावर अँटेना बसवायचा तर त्याचा खांब आणि केबल घराच्या अर्थिंगला जोडणे आवश्यक असते, आणि विजेच्या तारांपासून भरपूर अंतर राखावे लागते. याबाबत काटकसर नको. स्वतःला जमत नसेल तर जाणकार वीजतंत्रीला बोलवावे.

पुढचा टप्पा केबलचा. अँटेनाने मिळवलेले धन केबल वाटेत उधळू शकते. आमच्या तळघरात पूर्वीच्या मालकाच्या काळातील तीन तोंडांचा स्प्लिटर होता आणि त्याची दोन तोंडे मोकळीच होती. स्प्लिटर सिग्नल वाटून देतो. दोन तोंडांचा असला तरी प्रत्येक टीव्हीला निम्म्याहून कमीच वाटा येतो. दुसऱ्या टोकाला टीव्ही जोडलेला असो वा नसो. तो काढून सरळ आरजी-६ केबल जोडली, आणि तेवढ्यानेच दोन वाहिन्या उंबरठ्याच्या वर आल्या. अॅम्प्लिफायर लावावा की नाही, हा प्रश्न सर्वजण विचारतात. लांब केबलमध्ये जे नष्ट होणार आहे ते तो आधीच भरून काढतो, म्हणून त्याची जागा अँटेनाजवळ. मुळातच गढूळ आलेला सिग्नल तो निवळू शकत नाही, गढूळपणासकट मोठा करतो. मनोरे जवळ असतील तर त्याच्यामुळे ट्यूनर गुदमरतो आणि होते तेही चित्र जाते. जवळ मोबाइलचा मनोरा असेल तर स्वस्तातील एक गाळणी मिळते, ती केबलला जोडून पाहावी; ३६ वा पट्टा ६०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तेथून फार दूर नसलेल्या ६१७ मेगाहर्ट्झपासून मोबाइलची वर्दळ सुरू होते.

एवढे करूनही एक गाठ सुटत नव्हती. ७ क्रमांकाची वाहिनी दिवसा उत्तम लागे आणि संध्याकाळी फुटू लागे. हवामान, झाडे, विमाने असे सर्व तर्क करून झाले. हा दोष शोधला आईने. "तो जिन्यातला दिवा लावला का जाते ते चित्र," ती म्हणाली. आम्ही दिवा बंद केला, चित्र परतले, लावला, गेले. स्वस्त एलईडी दिव्यांतील विद्युत्-मंडल व्हीएचएफ पट्ट्यात गोंगाट ओतते, हे त्यामागचे कारण. एक दिवा बदलला आणि प्रश्न मिटला. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहण्याच्या आमच्या शिस्तीचा एवढा शुद्ध नमुना आम्हांला कार्यालयातही क्वचित पाहावयास मिळतो.

शेवटी ट्यूनिंग. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सिग्नल कोठून घ्यायचा ते विचारलेले असते. तेथे "केबल" सोडून "अँटेना" किंवा "एअर" निवडावे, मग वाहिन्यांचा स्वयंचलित शोध सुरू करावा. जुन्या नोंदी आडव्या येत असतील तर एक उपाय हमखास लागू पडतो : अँटेनाची केबल काढून एकदा रिकामा शोध घ्यावा, म्हणजे टीव्हीच्या स्मृतीतील जुनी यादी पुसली जाते. मग केबल जोडून पुन्हा शोध घ्यावा. आमच्याकडे उपवाहिन्या धरून ६० हून अधिक वाहिन्या लागल्या. आयडाच्या रात्रीचे उत्तर म्हणून आम्ही १२ व्होल्टवर चालणारा एक लहान टीव्ही घेतला. तो मोटारीच्या बॅटरीवर चालतो, गावाकडे चालत असे तसाच.

येथवरचा दोष तारेत, दांडीत किंवा दिव्यात होता. यानंतरचा कागदावर आला. अँटेना छपरावर दिसू लागल्यावर तीन आठवड्यांनी आमच्या वसाहतीच्या रहिवासी संघाचे पत्र आले. वसाहतीचे बाह्य सौंदर्य बिघडते, सबब ३० दिवसांत अँटेना उतरवावा, अन्यथा दंड होईल, असा मजकूर होता. आपल्यापैकी पुष्कळांना अशी पत्रे येतात आणि पुष्कळजण मुकाट्याने अँटेना उतरवतात. व्हिसाच्या, नोकरीच्या, मुलांच्या शाळेच्या विवंचनांत आणखी एक वाद नको, असे वाटणे अगदी समजण्यासारखे आहे.

परंतु या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. १९९६ च्या दूरसंचार कायद्यानुसार एफसीसीने त्याच वर्षी एक नियम केला. त्याला येथे "ओटार्ड" नियम म्हणतात. स्थानिक दूरचित्रवाणी घेणारा अँटेना आपल्या मालकीच्या किंवा केवळ आपल्याच वापरातील जागेत लावण्यास कोणताही रहिवासी संघ, घरमालक वा नगरपालिका मनाई करू शकत नाही. बसवण्यास विनाकारण विलंब होईल, खर्च अवाजवी वाढेल किंवा चांगला सिग्नल मिळणार नाही, अशा अटीही घालता येत नाहीत. १९९९ पासून हे संरक्षण भाडेकरूंनाही त्यांच्या स्वतःच्या बाल्कनीपुरते किंवा अंगणापुरते मिळाले. अपवाद आहेत : सुरक्षिततेच्या रास्त अटी पाळाव्या लागतात, सामाईक छपरावर हा हक्क चालत नाही, आणि छपरापासून १२ फुटांहून उंच खांबासाठी परवानगी मागता येते. बंधन योग्य आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र बंधन घालणाऱ्यावर असते. आम्ही हा नियम नमूद करून, आमचे छप्पर आमच्याच मालकीचे असल्याचे दाखवून, एका पानाचे सभ्य उत्तर पाठवले. पुढील पत्रात संघाने मागणी मागे घेतली. वकील लागला नाही, आवाजही चढवावा लागला नाही.

हा नियम का झाला असावा, याचा शोध घेताना आम्ही अमेरिकेच्या एका जुन्या प्रकरणापर्यंत पोहोचलो आणि तेथे बराच काळ थांबलो. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरात डब्ल्यूएलबीटी नावाचे केंद्र होते. १९५५ मध्ये कृष्णवर्णीयांचे विख्यात वकील थर्गुड मार्शल राष्ट्रीय वाहिनीवर बोलू लागले, तेव्हा जॅक्सनमधील पडद्यांवर त्यांच्या जागी एक पाटी आली : क्षमस्व, केबलमध्ये बिघाड. बिघाड कसलाही नव्हता. त्या केंद्राच्या मुख्य सेवाक्षेत्रातील सुमारे ४५ टक्के लोकसंख्या कृष्णवर्णीय होती, आणि त्यांनी काय पाहावे, काय पाहू नये हे एका खोलीतील बटण ठरवत होते.

१९६४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टचे एव्हरेट पार्कर यांनी स्थानिक स्वयंसेवकांकडून या केंद्राच्या कार्यक्रमांची आठवडाभर नोंद करवून घेतली. कोण किती मिनिटे दिसले, कोण मुळीच दिसले नाही, याच्या याद्या तयार झाल्या. त्या आधारे केंद्राच्या परवान्याला आव्हान दिले गेले, तेव्हा एफसीसीने त्यांचे म्हणणे सुनावणीत घेण्यासच नकार दिला. तोपर्यंत अशा सुनावणीत दोघांनाच उभे राहता येई : ज्याचा धंदा बुडतो तो, किंवा ज्याच्या प्रक्षेपणात विद्युत् व्यत्यय येतो तो. पाहणारा माणूस हिशेबातच नव्हता. १९६६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की, प्रेक्षकालाही उभे राहण्याचा अधिकार आहे. १९६९ मध्ये त्याच न्यायालयाने केंद्राच्या परवान्याचे नूतनीकरण रद्द केले, आणि १९७१ मध्ये केंद्राचा कारभार एका नव्या, वंशमिश्र संस्थेकडे गेला. १९६९ मध्येच रेड लायन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रक्षेपणाच्या बाबतीत प्रक्षेपकाच्या हक्कापेक्षा पाहणाऱ्या-ऐकणाऱ्याचा हक्क श्रेष्ठ आहे.

आम्ही हे आईला सांगितले. तिला त्यात नवल वाटले नाही. उमरेड तालुक्यातील तिच्या खेड्यात आमच्या जन्माच्या सुमारास एकच टीव्ही होता. रविवारी संध्याकाळी चित्रपट लागे. आपल्या वस्तीतील बायामुले त्या घराच्या कुंपणाबाहेर, रस्त्यावर उभी राहून उघड्या दारातून पाहत. गर्दी वाढू लागली तसा एका रविवारी तो टीव्ही आतल्या भिंतीकडे फिरवला गेला. आवाज ऐकू येई, चित्र दिसत नसे. "तिथं काई अँटेना बिघडला नव्हता," आई म्हणाली. पुढच्या वर्षी वस्तीने वर्गणी काढली, कृष्णधवल टीव्ही घेतला आणि विहाराच्या छपरावर बांबूला अँटेना बांधला. बांबू फिरवण्याचे काम वडिलांकडे असे. तो टीव्ही दार उघडे ठेवून लावत, आणि पलीकडल्या वस्तीतील मुलेही येऊन बसत. कोणी त्यांना उठवले नाही, हे आई आजही मुद्दाम सांगते.

रहिवासी संघाच्या एका पत्राची तुलना आम्ही कुंपणाबाहेरच्या त्या रविवारांशी करत नाही; तसे करणे त्या माणसांचा अवमान ठरेल. साम्य आहे ते एका मर्यादित मुद्द्यापुरते. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्येच चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. ठराव कागदावर होता. पाणी ओंजळीत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यासह हजारो माणसे तळ्यावर गेली, तेव्हा तो ठराव कागदावरून खाली उतरला. आणि न्यायालयाचा अंतिम निकाल यायला त्यानंतरही १९३७ साल उजाडावे लागले. हवेतील लहरी सार्वजनिक आहेत, असे अमेरिकेचा कायदा म्हणतो. त्या आपल्या घरात उतरवण्यासाठी मात्र कोणीतरी छपरावर चढावे लागते, आणि प्रसंगी एका पानाचे उत्तर लिहावे लागते.

हा विषय संपलेला नाही, म्हणूनही तो येथे मांडावासा वाटला. २०१७ मध्ये एफसीसीने प्रक्षेपणाच्या नव्या पद्धतीला परवानगी दिली. तिचे नाव एटीएससी ३.०, बाजारात तिला नेक्स्टजेन टीव्ही म्हणतात. चित्र अधिक सुस्पष्ट होते, सिग्नल अडथळ्यांतून अधिक चांगला येतो, हे तिचे गुण खरे आहेत. परंतु अनेक केंद्रांनी या नव्या सिग्नलवर सांकेतिक कुलूप घातले आहे, आणि मान्यताप्राप्त उपकरणावाचून ते उघडत नाही. जुने प्रक्षेपण सोबत चालू आहे तोवर अडचण जाणवत नाही. ते बंद होईल त्या दिवशी, हवेतून विनामूल्य येणाऱ्या गोष्टीची किल्ली कोणाकडे असेल, हा प्रश्न सर्वांसमोर येईल. संगणक-क्षेत्रात काम करणाऱ्या आपल्यांना कुलूप म्हणजे काय ते चांगले कळते. अशा विषयांवर एफसीसी सामान्य नागरिकांची मते मागवते, आणि ती पाठवण्यासाठी नागरिकत्वाची अट नसते.

ज्या वाचकांना घरी प्रयत्न करून पाहायचा आहे त्यांनी क्रम मोडू नये : आधी पत्ता घालून दिशा आणि खरा पट्टा पाहावा, मग त्या पट्ट्यांना साजेसा अँटेना घ्यावा, मग केबल व स्प्लिटर तपासावे, शेवटी ट्यूनिंग करावे. वसाहतीचे पत्र आले तर घाबरू नये. नियमाचे नाव घालून उत्तर द्यावे. ज्येष्ठ मंडळी घरी असतील तर त्यांना या कामात सोबत घ्यावे, कारण छपराखाली उभे राहून "आलं" आणि "गेलं" यांतला फरक त्यांच्याइतका कोणालाच कळत नाही. न्यू जर्सीत जवळपास कोणाला मदत हवी असेल तर आमच्या मंडळाच्या रविवारच्या वंदनेनंतर भेटावे. शिडी, होकायंत्र आणि जास्तीची केबल आमच्या गाडीत असते.

जय भीम.